इस्त्री नको

सॅक ही वस्तू मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या पाठीवरच पाहिली होती. माझी सासुरवाडी विंझरची. तिथल्या स्टँडवर शनिवार-रविवारी पुण्याची पोरंपोरी पाठीला भलीमोठी गाठोडी बांधून उतरतात आणि तोरण्याचा रस्ता विचारतात. माझे सासरे त्यांना रस्ता नीट समजावून सांगत आणि ती वळणाआड गेली की म्हणत, "घरी कायतरी बिनसलं आसंल." माझंही मत याहून फार वेगळं नव्हतं. घरी पलंग असताना जो माणूस बिऱ्हाड पाठीवर घेऊन डोंगरात झोपायला जातो, त्याच्याविषयी आदर वाटायचा कसा?

तर अशी एक सॅक एके दिवशी माझ्या ओट्यावर येऊन बसली. भगव्या रंगाची. तिच्या शेजारी दुसरी, हिरवी.

आणली आमच्या लेकीनं, आरजूनं. ती पुण्याला संगणकाच्या कंपनीत आहे आणि सुट्टी मिळाली की तोरणा चढते. म्हणजे आजोबांच्या दृष्टीनं तिचंही काहीतरी बिनसलेलंच आहे. तिनं जाहीर केलं की आमच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली, आणि या पंचवीस वर्षांत अम्मी-अब्बा मयत, बारसं आणि दवाखाना सोडून कुठंही जोडीनं गेलेले नाहीत. सबब तिनं स्वस्तातली विमानाची तिकिटं काढली होती, क्वालालंपूरची. तिकीट स्वस्त म्हणून सामान थोडं, आणि सामान थोडं म्हणून सॅक.

मी आक्षेप घेणार होतो. पण माझी बायको, शाहीन, दाराच्या चौकटीला टेकून त्या हिरव्या सॅकचा पट्टा हळूच ओढून पाहत होती. ती काही बोलली नाही. तिला एखादी गोष्ट फार हवी असली की ती काहीच बोलत नाही, एवढं मला पंचवीस वर्षांत कळलं होतं. बाकीचं कळायचं राहिलं होतं, पण ते पुढं येईल.

माझं नाव झुल्फिकार. भोरच्या एका हायस्कुलात मी मराठी शिकवतो. नाव असं तलवारीसारखं असून गावात मला 'जुल्पी सर' म्हणतात. डोक्यावर एकही जुल्फ उरलेली नसताना हे नाव वागवायचं म्हणजे थोडा धीर लागतो.

बातमी आळीत फुटली. सगळ्यात आधी शेजारचे रखमाजी आले. रखमाजी एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झाले असल्यामुळे प्रवास हा विषय त्यांच्याकडं आहे. ते म्हणाले, "कोल्हापूरला पासपोर्ट कवापास्नं लागाय लागला, सर?"

"कोल्हापूर नाही हो. क्वालालंपूर."

"त्येच की. नसरापूर फाट्यावर हुबं ऱ्हायचं, मिळंल त्या गाडीला हात करायचा. पासपोर्ट कशाला?"

त्यांच्या मंडळी चंद्राबाई यांनी दोरी न्यायचा सल्ला दिला. परमुलखात दोरी लागतेच, असं त्यांचं म्हणणं. कशाला, ते त्यांनी सांगितलं नाही, पण इतक्या खात्रीनं सांगितलं की आम्ही ती नेली. शिवाय शेंगदाण्याची चटणी, लसणाची चटणी, आणि या दोन्ही संपल्या तर म्हणून जवसाची.

तिसरा सल्लागार ज्ञानू. ज्ञानूची इस्त्रीची गाडी आमच्या दारासमोरच असते. रोज सकाळी तो "सर, इस्त्री?" म्हणून हाक मारतो आणि मी आतून "आहे" किंवा "नको" सांगतो. माझी प्रतिष्ठा बऱ्याच अंशी ज्ञानूच्या कोळशावर उभी आहे. तो काळजीनं म्हणाला, "सर, सॅकमधी घडी मोडती. तितं उतारल्या उतारल्या पयली इस्त्री करा बगा."

"ज्ञानू," मी म्हणालो, "सॅकवाला माणूस इस्त्री करत नाही." हे मला आरजूनं सांगितलं होतं. पण सांगताना मला उगाच मोकळं वाटलं.

पासपोर्टाची हकिकत थोडक्यात सांगतो, कारण ती आठवली की अजून मान खाली जाते. आमचं घराणं कागदोपत्री शेख आणि आळीत तांबोळी. आजोबा पानं विकायचे. अशी दोन आडनावं आमच्याकडं पुष्कळांना असतात आणि कुणाचं काही अडत नाही. अर्ज भरून देणाऱ्या माणसानं माझा अर्ज शाळेच्या दाखल्यावरून भरला आणि शाहीनचा रेशनकार्डावरून. परिणामी मी झालो झुल्फिकार शेख, आणि शाहीन झाली जुल्पीकार तांबोळी नावाच्या कुणा इसमाची बायको. मी हे रखमाजींना दाखवलं. ते म्हणाले, "ऱ्हाऊ द्या वं. तिकडं कोन वळखतंय तांबोळ्यास्नी?"

कुणीच ओळखत नव्हतं, हीच पुढं अडचण झाली.

क्वालालंपूर हे शहर माणसाला उतरल्या उतरल्या दोन्ही खांदे धरून हलवतं. वरून रेल्वे, खालून मोटारसायकली, मधून आम्ही. फुटपाथवर शेगड्या, शेगड्यांवर कढया, आणि दर दहा पावलांवर वास बदलतो. प्रत्येक रस्त्याच्या पाटीवर 'जालान' असं लिहिलेलं. शाहीन पाट्या वाचत वाचत म्हणाली, "जालना हितवर हाय व्हय?"

जालान म्हणजे रस्ता, हे मी पाचव्या पाटीला ओळखलं आणि तिथून माझी चाल बदलली. कारण पाठोपाठ मला एका दुकानावर 'कुर्सी' दिसलं, खाली खुर्च्या. दुसरीकडं 'अल्मारी', खाली कपाटं. 'साबून', 'रोटी', 'टोपी'! मी मराठीचा शिक्षक. मला भरून आलं. भर रस्त्यात थांबून मी शाहीनला सांगितलं की ही भाषा मुळात आपलीच आहे, फक्त बोट बुडून जरा लांब वाहत आली आहे.

"मंग त्ये बोलत्यात त्ये आपल्याला का कळंना?" शाहीन म्हणाली.

हा प्रश्न शास्त्रीय नसल्यामुळे मी सोडून दिला. पण त्या दिवशी मी तो धरला असता तर पुढचं सारं टळलं असतं.

आरजूनं आमच्यासाठी एका मशिदीजवळचं मुसाफिरखान्यासारखं लॉज पाहून ठेवलं होतं. चालवणारे हाजी रोस्लान. वाळके, स्वच्छ, पांढरी टोपी, आणि चेहऱ्यावर असा चांगुलपणा की मला आमच्या मुख्याध्यापकांपुढं वाटते तशी भीती वाटली. सलाम झाला. आमची नावं पाहून ते प्रसन्न झाले. मग त्यांनी दोन्ही पासपोर्ट शेजारी शेजारी ठेवले आणि त्यांच्या कपाळावर एक बारीक आठी पडली.

आता उभं कोण कुठं होतं, ते सांगितलं पाहिजे. मी टेबलाशी. शाहीन माझ्या मागं चार पावलांवर, तिच्या हिरव्या सॅकजवळ. भोरात बायकोबरोबर जाताना सभ्य माणूस चार पावलं पुढं चालतो. ती मागं असते हे त्याला माहीत असतं, त्यामुळे तो मागं बघत नाही. ही रीत मी विमानातून जशीच्या तशी नेली होती.

हाजींनी माझ्या खांद्यावरून मागं बोट केलं आणि हळू, अदबीनं विचारलं, "इस्त्री?"

मला ज्ञानूची आठवण झाली आणि हसू आलं. माझा सदरा चुरगळला होता हे खरं. सॅकांमधल्या कपड्यांचे हाल तर विचारायलाच नकोत. पण मी आता सॅकवाला माणूस होतो. मी छाती पुढं काढून माझ्या इंग्रजीत म्हणालो, "नो, नो! नो इस्त्री. ट्वेंटी फाइव्ह इयर्स, डेली इस्त्री. इनफ! नाऊ हॉलिडे."

हाजींचा चेहरा असा उतरला की मला वाटलं, लॉजची लाँड्री नीट चालत नसावी. मी त्यांच्या समाधानासाठी पुढं म्हणालो, "मे बी लास्ट डे, वन टाइम."

त्यांनी माझ्यावरची नजर काढून घेतली आणि शाहीनकडं वळले. माझ्याकडं बोट दाखवून तिला विचारलं, "सुआमी?"

शाहीननं माझ्याकडं पाहिलं. चकचकीत डोकं, पाठीला भगवी सॅक. ती घाबरून म्हणाली, "स्वामी? न्हाई न्हाई! नो स्वामी! आमी मुसलमान हाय!"

हाजींनी डोळे मिटून घेतले. मग एक शेवटची संधी म्हणून त्यांनी इंग्रजीत विचारलं, "हजबंड नेम?"

एवढं इंग्रजी शाहीनला येतं. पण आमच्याकडं बायको नवऱ्याचं नाव घेत नाही. हिंदूंत घेत नाहीत आणि आमच्यातही घेत नाहीत. ह्या बाबतीत भोर-वेल्ह्यात कधी मतभेद झालेला नाही. तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला, जमिनीकडं पाहिलं आणि हनुवटीनं माझी दिशा दाखवून म्हणाली, "हे."

"ही? ही हू?"

"हे. हेच."

हाजींनी दोन किल्ल्या काढल्या. मला दुसऱ्या मजल्यावरची पुरुषांची खोली, तिला चौथ्या मजल्यावरची बायकांची. तिसऱ्या मजल्यावर नवरा-बायकोच्या खोल्या होत्या, हे मला नंतर कळलं. त्या वेळी मी फक्त त्या घरच्या कडक शिस्तीचं मनातल्या मनात कौतुक केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिसऱ्या मजल्यावरून एक जोडपं हसत खाली आलं. मी हाजींना विचारलं, हे कसं? ते म्हणाले, "दे हजबंड वाइफ."

"वुई ऑल्सो!"

हाजींनी दुःखानं मान हलवली. "येस्टर्डे यू से नो. शी से नो. पासपोर्ट से तांबोळी. टुडे यू से येस?"

मी कधी नाही म्हणालो? मी सगळं संभाषण आठवून पाहिलं. कपड्यांपलीकडं काही बोललोच नव्हतो. पण हाजींचं तत्त्व कोर्टासारखं होतं: पहिला जबाब खरा. ते दुष्ट नव्हते, हेच फार वाईट होतं. त्यांच्या डोळ्यांत मी कुणा बिचाऱ्या तांबोळ्याची बायको पळवून आणलेला टकलू होतो, आणि तरीही सकाळी त्यांनी मला स्वतःच्या हातानं चहा दिला. मी तो भिंतीकडं तोंड करून प्यालो.

मी तळमळलो. पंचवीस वर्षं ज्या गोष्टीचा मी एकदाही विचार केला नव्हता ती मला कुणी पुरावा म्हणून मागत होतं. निकाहनामा भोरला, कपाटात, आणि परक्या देशात मी नवरा आहे हे ओळखायला एकही माणूस नाही. शाळेत मला कुणी सही मागितली तर राग येतो. इथं तर माझ्या संसाराचाच दाखला मागत होते.

शाहीन मात्र शांत होती. इतकी की मला थोडा रागच आला.

एकट्या पुरुषांना दुसऱ्या मजल्याच्या वर जायची मनाई. त्यामुळे मला जिन्याखाली उभं राहून तिला बोलवावं लागे. पहिल्यांदा मी भोरच्या सवयीनं हाक दिली, "अगंऽ!" वरच्या मजल्यांवरच्या बायकांनी कठड्यावरून डोकावून पाहिलं; शाहीन सोडून सगळ्या. मी पुन्हा "आरजूची आई" म्हणून पाहिलं. तेही कुणाला कळलं नाही. शेवटी इकडंतिकडं बघून, घसा साफ करून, मी म्हणालो, "शाहीन!"

निकाहनंतर हे नाव मी मोठ्यानं घेतल्याचं मला आठवत नाही. कागदावर लिहिलं होतं, पण मोठ्यानं म्हटलं नव्हतं.

ती चौथ्या मजल्याच्या कठड्याशी आली. खाली पाहिलं. म्हणाली, "ऐकू आलं न्हाई."

हे खोटं होतं. समोरच्या मशिदीतल्या माणसानंसुद्धा वर पाहिलं होतं. मी पुन्हा हाक मारली, "शाहीन!" मग ती आली. येताना पायरी पायरी सावकाश उतरली, आणि तोपर्यंत मी तिथंच उभा.

तेव्हापासून आमचे दिवस असे गेले. सकाळी मी जिन्याखाली उभा राहायचो. ती यायची. मी विचारायचो, "आज कुठं जायचं?" हाही प्रश्न नवा होता, घरी मी "निघायचं" एवढंच म्हणतो. रस्त्यावर चार पावलांची रीत पहिल्याच चौकात मोडली, कारण मी पुढं गेलो की आमच्यामध्ये अख्खं शहर शिरायचं. एकदा वळून पाहिलं तर शाहीन नव्हती. मी आल्या वाटेनं धावत सुटलो. ती मागं एका गाडीवर केळ्याची भजी तळताना बघत उभी होती. त्यानंतर मी तिच्या शेजारून चालायला लागलो. रस्ता ओलांडताना तिनं माझी बाही धरली आणि पलीकडं गेल्यावर सोडायची विसरली. मीही आठवण केली नाही.

आम्ही ते प्रसिद्ध जुळे मनोरे पाहिले. मान मोडेस्तोवर उंच, आणि मध्ये दोघांना जोडणारा एक पूल. मी उंचीविषयी माहिती देत होतो. शाहीन बराच वेळ त्या पुलाकडं बघून म्हणाली, "ह्यास्नी तरी मधी पूल हाय." यावर माझ्याकडं काही माहिती नव्हती.

तिला फणसाची आठवण झाली म्हणून मी हौसेनं फणसासारखं दिसणारं एक काटेरी फळ घेतलं आणि लॉजवर आणलं. दारातच कळलं की या फळाला लॉजमध्ये बंदी आहे, आणि का आहे तेही कळलं. वास असा की हाजींचे डोळे पाणावले. आम्हाला बाहेरच्या पायरीवर बसून ते खावं लागलं. येणारेजाणारे नाकाला रुमाल लावून आमच्याकडं बघत होते. अशा अवस्थेत माझ्या बायकोनं एक गर माझ्या हातावर ठेवला आणि ती हसली. तोंडावर हात न घेता हसली. लोकांच्या डोळ्यांदेखत मी तो खाल्ला.

पण हे असं किती दिवस चालायचं? परत जायचे दिवस जवळ येत होते, आणि पंचविसाव्या वर्षाची ही सहल आम्ही दोन मजल्यांवर काढत होतो. शिवाय 'हा नवरा नव्हे' हा शिक्का कपाळावर घेऊन परत जायचं? मी शेवटचा उपाय केला. रखमाजींना फोन लावला. आमच्या घराची किल्ली त्यांच्याकडं असते.

"रखमाजी, कपाटात निकाहनामा आहे. तो इकडं फॅक्सनं पाठवा."

"का वं? नवी करताय काय?"

मी अगदी हळू आवाजात सगळं सांगितलं. त्यांनी ते अगदी मोठ्या आवाजात चंद्राबाईंना सांगितलं. मला ज्ञानूच्या इस्त्रीचा कोळसा तडतडल्याचासुद्धा आवाज आला, म्हणजे आळी जमली होती. भोरात मी पुन्हा कोणत्या तोंडानं निबंध तपासणार होतो, ते मला कळेना.

निकाहनामा रखमाजींना सापडला नाही. त्याऐवजी त्यांनी स्वतःच एक दाखला लिहून, ज्ञानूची साक्षीदार म्हणून सही घेऊन, तो फॅक्स केला. हाजींच्या यंत्रातून तो सरसर बाहेर आला. हाजींनी तो उलटा धरला, मग सुलटा धरला आणि माझ्याकडं दिला. मजकूर असा होता:

'दाखला देण्यात येतो की, सदर इसम जुल्पी सर यांना मी अनेक वर्षे ओळखतो. सदर बाई यांनाही ओळखतो. सर हे नेहमी बाईंच्या चार पावले पुढे चालतात व कधीही मागे वळून पाहत नाहीत. यावरून ते नवराबायको असल्याचे सिद्ध होते. आपला, रखमाजी, सेवानिवृत्त वाहक.'

हा पुरावा भोरात कुठंही चालला असता. मी तो हाजींना इंग्रजीत सांगितला: मी पुढं चालतो, ती मागं, सबब नवरा.

हाजींनी दाढीवरून हात फिरवला. त्यांनी मला खिडकीतून रोज पाहिलं होतं. "बट हिअर," ते सौम्यपणे म्हणाले, "यू वॉक टुगेदर."

ज्या कारणानं मी नवरा ठरत होतो ते मी इथं येऊन सोडलं होतं. मी तो फॅक्स घडी घालून खिशात ठेवला. खरं सांगतो, डोळ्यांत पाणी आलं. मला कुणी नालायक शिक्षक म्हणालं असतं तर मी भांडलो असतो, पण इथं कशावर भांडायचं?

शाहीन जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. तिनं माझ्या तोंडाकडं पाहिलं, आणि ती शांतपणे पुढं आली. माझ्या मागं थांबली नाही. टेबलाशी, माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. डोक्यावरचा पदर सारखा केला, पण या वेळी जमिनीकडं पाहिलं नाही. विंझरला तिच्या मैत्रिणींच्या लग्नांत ती उखाणे ऐकत वाढली. स्वतः कधी घेतला नव्हता. हाजींकडं बघून ती खणखणीत आवाजात म्हणाली:

"परमुलखात हाजींनी जिन्याला घातली कडी,
झुल्फिकाररावांचं नाव घेते, खोली द्या तेवढी!"

झुल्फिकार. 'झ' आणि 'फ' दोन्ही शाबूत. भोरात हे नाव इतकं स्वच्छ कुणीच म्हणत नाही. मला 'राव' तर जन्मात कुणी लावलं नव्हतं. माझं डोकं टाळूपर्यंत लाल झालं असावं, कारण मला ते गरम लागत होतं. मी टेबल धरलं.

हाजींना 'झुल्फिकार' सोडून मराठीचं अक्षर कळलं नाही. पण त्यांनी आधी तिच्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं, मग पुन्हा तिच्याकडं. त्यांच्या कपाळावरची आठी गेली. पासपोर्ट न उघडता त्यांनी खणातून एक किल्ली काढली आणि दोन्ही हातांनी शाहीनच्या हातात दिली. तिसऱ्या मजल्याची.

खोलीत गेल्यावर शाहीननं चंद्राबाईंची दोरी बांधली आणि तिच्यावर धुतलेले कपडे टाकले. दोरी लागतेच, हे खरं निघालं. मी पलंगावर बसून होतो.

"हे नाव कुठं शिकलीस इतकं नीट म्हणायला?"

"मनात म्हनतच हुते की," ती पाठमोरीच म्हणाली. "तोंडानं घ्यायचं न्हाई, मनात कोन बगतंय?"

मग ती म्हणाली, "आन् एक सांगू? त्यांच्यात इस्त्री म्हंजी बायकू. सुआमी म्हंजी नवरा."

मी पहिल्या दिवसाचं माझं भाषण आठवलं. पंचवीस वर्षं, रोज. आता पुरे. शेवटच्या दिवशी एकदा. मी दोन्ही हातांत डोकं धरलं. हाजींनी मला चहा पाजला होता, याचं मोल मला तेव्हा कळलं.

"तुला कधी कळलं?"

"पयल्याच सांजंला. वरती सितीबाई हुती, सुमात्राची. तिनं बोट दावून दावून सांगितलं."

"पहिल्याच...! मग बोलली का नाहीस? एका शब्दात सुटलं असतं सगळं!"

शाहीन वळली. हातात माझा ओला, चुरगळलेला सदरा.

"सुटलं आसतं," ती म्हणाली. "मंग तुमी जिन्याखाली कशाला हुबं ऱ्हायला आसता?"

तिनं सदरा झटकला आणि दोरीवर टाकला. मी उठून त्याचं दुसरं टोक धरलं. बराच वेळ आम्ही कपडेच वाळत घालत होतो. शेवटी ती म्हणाली, "नाव हितं घेतलं त्ये हितंच. भोरात न्हाई घ्यायची. लोकं काय म्हनतील." मी बरं म्हणालो.

भोरला परत आल्यावर आळीनं काही विचारलं नाही. आळी न विचारता बघते. दुसऱ्या दिवशी सकाळी रखमाजी ओट्यावर पेपर घेऊन बसले होते, चंद्राबाई अंगण झाडत होत्या, आणि नेहमीच्या वेळी ज्ञानूची हाक आली.

"सर, इस्त्री?"

मी आत चहा पीत होतो. सॅकमधलं सगळं धुवायला पडलेलं, त्यामुळे 'नको' हा शब्द अगदी ओठांवर आला. तेवढ्यात स्वयंपाकघरात भाकरी थापायचा आवाज थांबला.

मी कप खाली ठेवला. बाहेर ओट्यावर आलो.

"आहे," मी म्हणालो.

"द्या की मंग. किती कापडं?"

"कपडे नाहीत, ज्ञानू. इस्त्री आहे. पंचवीस वर्षं आहे."

ज्ञानूनं रखमाजींकडं पाहिलं. रखमाजींनी पेपर खाली घेतला आणि हळूच म्हणाले, "सरांना पानी बाधलं जनू तिकडचं."

आतून आवाज आला, "ऐकू आलं न्हाई."

मी पुन्हा सांगितलं. मोठ्यानं.